वहीतला ९८ पुसला जाऊ नये म्हणून : रोजच्या तासात विज्ञानाची रीत कशी शिकवायची

आठवीचा तास होता. चंचुपात्रातलं पाणी खळखळ उकळत होतं आणि तापमापीतली लाल रेघ ९८ वर येऊन थांबली होती. वर्गात सहा गट. वह्या बघत फिरले, तर पाच वह्यांत १०० लिहिलेलं. सहाव्या वहीत आधी ९८ लिहून ते खोडरबराने पुसलेलं आणि त्यावर १०० गिरवलेलं. कागदावर आधीच्या आकड्याचा ठसा तसाच उमटलेला होता. "का गं पुसलंस?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पुस्तकात शंभर आहे ना बाई. आमचंच काहीतरी चुकलं असणार."

तिचं काही चुकलं नव्हतं. तीच तापमापी आम्ही वितळत्या बर्फात बुडवून पाहिली, ती शून्य दाखवत होती. आमची शाळा पुण्याजवळ, समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला ते ९५-९६ ला उकळेल. पुस्तकातला १०० हा समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचा आकडा आहे. चुकलं होतं माझं. मी वर्षभर निष्कर्ष शिकवत आले होते. निष्कर्षापर्यंत जायचं कसं, आणि डोळ्यांसमोरचा आकडा छापील आकड्याशी जुळला नाही तर करायचं काय, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी माझे तास बदलत आले आहे. त्यासाठी 'वैज्ञानिक पद्धती' नावाचा वेगळा धडा लागत नाही. तो जूनमध्ये शिकवून जुलैमध्ये मुलं विसरतात. पाठ्यपुस्तकातले आहेत तेच धडे, त्याच ३५ मिनिटांत, थोडे वेगळ्या तऱ्हेने घ्यायचे असतात. मी ते कसं करते, ते इथे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी : धड्यात 'कशावरून?'ची जागा शोधा

उद्याचा धडा आज रात्री वाचताना हातात पेन्सिल ठेवा. ज्या वाक्याला एखादं चाणाक्ष मूल "हे कशावरून?" असं विचारील, त्याखाली रेघ मारा. 'हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो.' कशावरून? 'पृथ्वी स्वतःभोवती फिरते.' कशावरून? 'वनस्पती पानांत अन्न तयार करतात.' कशावरून? एका धड्यात अशी दहा-बारा वाक्यं सहज निघतात. सगळी घ्यायची नाहीत, एकच घ्यायचं. ज्याचा पुरावा वर्गात उभा करता येईल किंवा ज्याची गोष्ट सांगता येईल, असं एक. बाकीचा धडा नेहमीसारखा शिकवा. तासातली दहा-बारा मिनिटं त्या एका वाक्याची.

हे एवढंच नेमाने केलं, तरी दिवाळीपर्यंत मुलं स्वतःहून "कशावरून बाई?" म्हणायला लागतात. तेव्हा उत्तर येत नसेल तर तसं सांगावं आणि लगेच पुढे विचारावं, "आपल्याला हे कसं शोधता येईल?" शिक्षकाला माहीत नसणं वर्गाला कळलं म्हणून त्याचा मान कमी होत नाही, हे मी खात्रीने सांगते.

दुसरी पायरी : साहित्याला हात लावण्याआधी अंदाज लिहून घ्या

आपल्या प्रयोगवहीचा साचा ठरलेला असतो: उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. मुलं तो आदल्या रात्रीच गाइडमधून उतरवून आणतात, अनुमानासकट. मग वर्गात प्रयोग करायला उरतंच काय?

मी साच्यात एकच रकाना वाढवला: 'माझा अंदाज आणि त्याचं कारण'. तो वर्गातच, पेनने लिहायचा आणि नंतर खोडायचा नाही. अंदाज चुकला म्हणून गुण जात नाहीत. गुण कारणाला असतात. "दगड आधी पडेल" याला अर्धा, "दगड आधी पडेल, कारण जड वस्तूला पृथ्वी जास्त जोराने ओढते" याला पूर्ण. दुसरं उत्तर चुकीचं असलं तरी त्यातला विचार समोर येतो, त्याच्याशी बोलता येतं.

कारणाचा आग्रह धरला नाही तर अंदाज म्हणजे सट्टा होतो. माझ्याकडे पहिली दोन-तीन वर्षं तसंच झालं. मुलं हात वर करून "हो" आणि "नाही" ओरडायची आणि कोण जिंकलं याचाच गलका व्हायचा. लिहून घेतल्यावर वर्ग शांत झाला आणि विचार करू लागला.

तिसरी पायरी : दिसलं काय, वाटलं काय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक मुलांना व्याख्येने कळत नाही. तो एकाच प्रयोगात डोळ्यांसमोर फाटून दिसावा लागतो, आणि त्यासाठी मेणबत्तीचा प्रयोग मला सर्वांत आवडतो.

ताटलीत पाणी, पाण्यात उभी केलेली पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात वर चढतं. पिढ्यान्‌पिढ्या याचं अनुमान ठरलेलं: 'ज्वलनात ऑक्सिजन वापरला गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, पाणी एक पंचमांश उंचीपर्यंत चढलं, म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन आहे.' मीही हेच शिकले आणि बरीच वर्षं हेच शिकवलं.

आता हाच प्रयोग सावकाश करा. फळ्याचे दोन भाग करा, डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. मुलं जे बोलतील ते त्या-त्या बाजूला लिहीत जा. "ऑक्सिजन संपला" असं कोणीतरी लगेच म्हणेल. विचारा, "ऑक्सिजन संपताना कोणाला दिसला?" कोणालाच नाही. मग ते उजवीकडे. "ज्योत लहान होत गेली" हे डावीकडे. दुसऱ्यांदा करताना पाण्याच्या पातळीवर नजर ठेवायला सांगा. आता गंमत सुरू होते. लक्ष देऊन बघणाऱ्या मुलांना दोन गोष्टी दिसतात. पेला ठेवताना त्याच्या काठाखालून कधीकधी बुडबुडे बाहेर पडतात. आणि ज्योत जळत असताना पाणी फारसं चढत नाही, ती विझल्यावर झपकन चढतं.

ऑक्सिजन वापरला गेल्यामुळे पाणी चढत असेल, तर ते ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं. तसं होत नाही. हे वाक्य शिक्षकाने बोलू नये. दोन मिनिटं थांबावं, कोणीतरी बोलतंच.

मग विचारा: दुसरं काय कारण असू शकेल? गरम हवा प्रसरण पावते, बुडबुड्यांच्या रूपाने थोडी बाहेर जाते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो, हे सातवी-आठवीची मुलं दोन-तीन प्रश्नांत गाठतात. आता दोन अनुमानं झाली. निवाडा कसा करायचा? मुलांनाच विचारा. आमच्या वर्गातून दोन युक्त्या निघाल्या.

एक: त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या पेटवायच्या. ऑक्सिजनचंच कारण असेल तर पाणी तेवढंच चढायला हवं, कारण पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच आहे. करून पाहिलं, पाणी जास्त चढलं. दोन: मेणबत्तीच नको. काचेचा पेला गरम पाण्याने विसळून गरम करायचा (आधी कोमट, मग गरम, नाहीतर काच तडकते) आणि पालथा ताटलीत ठेवायचा. ज्योत नाही, ज्वलन नाही, तरी पाणी वर चढलं. वर्गात त्या क्षणी जी शांतता होते, तिच्यासाठी मी शिक्षक झाले आहे असं मला वाटतं.

शिक्षकाने स्वतःसाठी लक्षात ठेवायचं: मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, सुमारे १६ टक्के. वापरलेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो इतक्या झटपट पाण्यात विरघळत नाही. ऑक्सिजन कमी झाल्याचा आणि वाफेचं पुन्हा पाणी झाल्याचा थोडा परिणाम असतो, पण मोठा वाटा हवा थंड होण्याचा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो हे खरंच आहे. फक्त हा प्रयोग त्याचा पुरावा नाही. बरोबर निष्कर्षाला चुकीचा पुरावा जोडलेला असू शकतो, हे मुलांना एकदा दिसलं की ती प्रत्येक 'म्हणून' कडे नीट बघायला लागतात.

आगीचं काम आहे, तेव्हा केस बांधलेले, ओढणी खोचलेली, वाळूचा डबा शेजारी. लहान वर्गांसाठी मेणबत्तीऐवजी कोकम सरबत घ्या. पेल्यात बर्फ घालून थंडगार सरबत ठेवलं की बाहेरून घाम फुटतो. मुलं म्हणतात, पाणी झिरपलं. मग पांढऱ्या रुमालाने पेला पुसा: रुमाल लाल का झाला नाही? आणि पेला डिजिटल काट्यावर ठेवा: आतलं पाणीच बाहेर आलं असेल तर वजन तेवढंच राहायला हवं, ते वाढतंय का? एवढ्यावरही तासभर बोलता येतं.

चौथी पायरी : आकड्यांना पसरू द्या

आपल्याकडे सहा गटांनी मोजलं की सहा गटांचं उत्तर एकच यावं अशी अपेक्षा असते, म्हणून मुलं शेजारच्या वहीत बघतात. खऱ्या मोजमापात आकडे पसरतात, आणि ते का पसरले हे शोधण्यात शिकायला खूप असतं.

यासाठी दोलक घ्या. एक मीटर दोरा, टोकाला नट किंवा लहान दगड. दहा दोलनांना लागणारा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजायचा. उत्तर साधारण २० सेकंद येतं. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर जसेच्या तसे लिहा. आमच्या एका वर्गात आले ते असे: १९.८, २०.३, २०.१, १८.१, २०.२, २२.१.

नेहमीच्या तासात १८.१ आणि २२.१ 'चुकीचे' म्हणून बाजूला पडले असते. मी विचारलं, हे दोन आकडे आले कसे? दोन्ही गटांना सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला लावलं. पहिला गट दोलक सोडतानाच "एक" म्हणत होता, म्हणजे "दहा" म्हणेपर्यंत दोलनं नऊच होत होती. एका दोलनाला सुमारे दोन सेकंद, त्यामुळे आकडा दोन सेकंदांनी कमी. दुसऱ्या गटाचं एक दोलन जास्त मोजलं जात होतं. वर्गाने तिथल्या तिथे नियम केला: सोडताना "शून्य" म्हणायचं. उरलेल्या चार आकड्यांतला लहानसा फरक मात्र नियमाने जात नाही. बोट दाबायला लागणारा क्षण, डोळ्याचा अंदाज, हे राहणारच. म्हणून पुन्हा पुन्हा मोजायचं, सरासरी काढायची, आणि सरासरीबरोबर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडाही लिहायचा.

कारण सापडल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, हे इथेच पक्कं करावं. आवडला नाही म्हणून टाकणं आणि मोजण्यातली चूक सापडली म्हणून टाकणं, या दोन्हींत प्रामाणिकपणाचाच फरक आहे.

वजन वाढवल्यावर दोलनकाल बदलतो का, हे बघताना एक खोच आहे. मुलं एका नटाखाली दुसरा नट लटकवतात, मग दोलकाची लांबीही वाढते आणि वेळ थोडा बदलतो. लांबी नटाच्या मध्यापर्यंत मोजायची, आणि नट एकाखाली एक न लावता एकाच जागी बांधायचे. ही खोच आधी सांगू नका. "वजनाने फरक पडतो" असं म्हणणारा एखादा गट निघू द्या आणि कारण वर्गाला शोधू द्या.

पाचवी पायरी : एका वेळी एकच गोष्ट बदला

यासाठी मटकी. प्रत्येक घरात मोड आणतात, त्यामुळे प्रत्येकाचं काहीतरी मत असतं. "अंधारातच मोड येतात", "कापड घट्ट बांधावं लागतं", "थंडीत येतच नाहीत". ही सगळी वाक्यं फळ्यावर लिहा आणि प्रत्येक गटाला तपासायला एक द्या.

अंधाराचं वाक्य घेतलेल्या गटाने एकदा एक वाटी कपाटात आणि दुसरी खिडकीत उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी उन्हातली मटकी वाळून गेली होती. निष्कर्ष तयार: उजेडात मोड येत नाहीत. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पण उन्हातलं कापड सुकलं होतं. उजेडामुळे नाही आले की पाण्यामुळे?" मी त्याला काही शिकवलं नव्हतं, त्याच्या आईने शिकवलं होतं. पुन्हा केलं: दोन्ही वाट्यांत मोजून ५० दाणे, तेवढंच पाणी, एकाच खोलीत, ऊन न लागणाऱ्या जागी. एक वाटी उघडी, दुसरी खोक्याखाली. दोन्हीकडे मोड आले. खोक्याखालचे फिकट राहिले, उजेडातले दोन-तीन दिवसांत हिरवट झाले.

दाणे मोजायला लावा. "बरेच आले" आणि "५० पैकी ४६ आले" यांतलं अंतर मुलांना हातांनी कळतं. तुलनेसाठी काहीही न बदललेली एक वाटी नेहमी हवी, हेही.

घरातल्या समजुती तपासताना एक पथ्य पाळा. मुलाच्या आजीचं वाक्य वर्गात हसण्यावारी जाऊ देऊ नका. थंडीत मोड उशिरा येतात हे तिचं निरीक्षण पक्कं आहे, तापमानाचा परिणाम तिला आपल्या आधी माहीत होता. ग्रहणात शिजवलेलं अन्न खराब होतं का, असा प्रश्न आला तर तोही याच रीतीने घ्या: तोच भात, तेवढाच वेळ, तसंच भांडं, एकदा ग्रहणात आणि एकदा ग्रहण नसताना. उत्तर मुलांना काढू द्या आणि घरी ते कसं सांगायचं हेही त्यांच्यावर सोडा.

सहावी पायरी : शास्त्रज्ञाची गोष्ट सांगा, पण मधला भाग गाळू नका

फळ पडलं आणि नियम सुचला, टबातून उठले आणि तत्त्व सापडलं, अशा गोष्टींनी मुलांना वाटतं की विज्ञान म्हणजे हुशार माणसाला अचानक सुचणं. गोष्ट सांगताना शंका, तपासणी, मदतनीस आणि लागलेली वर्षं सांगा.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतोच, तेव्हा सी. व्ही. रामन यांची गोष्ट घ्या. १९२१ साली ते इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांनी म्हटलं होतं आणि रॅले हे त्या काळचं फार मोठं नाव. रामन यांनी काय केलं? पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवणारा निकोल लोलक डोळ्यांशी धरला. प्रतिबिंबच कारण असतं तर आता निळेपणा जायला हवा होता. तो गेला नाही. बोट मुंबई बंदरात आली तेव्हा त्यांनी 'नेचर' नियतकालिकासाठी त्यावर पत्र लिहिलं होतं. इथपर्यंतची गोष्ट म्हणजे आपल्या मेणबत्तीचाच प्रयोग आहे: एक मान्य अनुमान, त्यातून निघणारी अपेक्षा, आणि ती अपेक्षा तपासायची युक्ती. त्यानंतर कोलकात्याला के. एस. कृष्णन आणि इतर विद्यार्थ्यांबरोबर सात वर्षं वेगवेगळ्या द्रवांतून प्रकाशाचं विकिरण तपासल्यावर १९२८ चा शोध लागला. ही सात वर्षं मुलांना मुद्दाम सांगा.

दुसरी गोष्ट आपल्या कोकणाशी जोडलेली आहे आणि ती जरा जपून सांगायची आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हीलियम शोधला, असं आपल्याकडे सांगितलं जातं. त्या दिवशी किल्ल्यावर हीलियम दिनही साजरा होतो. नोंदी मात्र वेगळं सांगतात. त्या ग्रहणाचा अभ्यास फ्रान्सचे पिएर जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून केला. लॉकयर इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी ग्रहणाशिवाय, तिथूनच, २० ऑक्टोबर १८६८ ला सूर्याच्या वर्णपटात हीलियमची खूण ठरलेली पिवळी रेघ पाहिली. ती सोडियमच्या रेघांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. पृथ्वीवर हीलियम मिळाला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांना. मधली २७ वर्षं बऱ्याच शास्त्रज्ञांना या मूलद्रव्याबद्दल शंकाच होती.

नववीला ही गोष्ट दोन गटांत वाटून देते. एका गटाला प्रचलित गोष्ट, दुसऱ्याला तारखा. मग दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे: हे कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, तो माणूस त्या दिवशी कुठे होता? विजयदुर्गाचं मोठेपण त्याने कमी होत नाही. मोबाइलवर आलेला प्रत्येक मजकूर तपासून बघण्याची सवय मात्र इथून लागते.

सूक्ष्मजीवांच्या धड्यात व्हिएन्नाच्या प्रसूती रुग्णालयातले डॉक्टर सेमेलवाइस यांचे आकडे फळ्यावर लिहा. १८४६ साली बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण पहिल्या विभागात ११.४ टक्के, दुसऱ्यात २.८ टक्के. पहिल्या विभागात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. एवढंच सांगून थांबा आणि कारणं काढू द्या. मग सांगा की १८४७ च्या मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं झालं आणि पहिल्या विभागातला एप्रिलमधला १८.३ टक्क्यांचा आकडा जूनमध्ये २.२ वर आला. तरी अनेक डॉक्टरांनी ते मानलं नाही. का मानलं नसेल, यावर मुलं फार समजून बोलतात.

'सिद्ध झालं' हा शब्द

आपल्या भाषेत इथे एक अडचण आहे. त्याच मुलांना आधीच्या तासाला भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता शिकवलेली असते. तिथे एकदा सिद्ध झालं की कायमचं. मग विज्ञानाच्या वहीत "यावरून सिद्ध होते की" लिहिलं, की मुलांना तेच वाटतं. मी ते वाक्य वहीतून काढलं. त्याऐवजी "आमच्या निरीक्षणावरून असं दिसतं की" किंवा "हा पुरावा या म्हणण्याच्या बाजूने आहे" असं लिहायला लावते.

'सिद्धांत' आणि 'नियम' यांचाही गोंधळ असतो. सिद्धांत मोठा झाला की नियम होतो, असं बऱ्याच शिक्षकांनाही वाटतं. नियम काय घडतं ते नेमकेपणाने सांगतो: दाब वाढला की वायूचं आकारमान किती कमी होतं, हा बॉइलचा नियम. सिद्धांत ते का घडतं हे सांगतो: वायूचे कण सतत फिरतात, भिंतींवर आदळतात. एक दुसऱ्यात बदलत नाही.

विज्ञान बदलतं हे सांगताना प्लूटोचं उदाहरण सगळेच देतात. पण "शास्त्रज्ञ चुकले होते" इथेच ते सोडू नये. १९३० मध्ये प्लूटो सापडला. १९९२ पासून नेपच्यूनच्या पलीकडे तशा अनेक वस्तू सापडत गेल्या. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस जवळजवळ प्लूटोएवढाच निघाला. मग सगळ्यांना ग्रह म्हणायचं की व्याख्या नेमकी करायची? २००६ मध्ये व्याख्या केली गेली. बदल नव्या पुराव्यामुळे झाला, कोणाच्या मर्जीने नाही.

वाद कसा घालायचा

भिंतीवर एक तक्ता लावला आहे. त्यावर चारच वाक्यं: "मला असं वाटतं, कारण…", "तुझं हे पटलं, पण…", "हे कशावरून म्हणतोस?", "काय दिसलं तर तुझं मत बदलेल?" पहिला महिना मुलं ती पाठ केल्यासारखी म्हणतात. चालू द्या. सप्टेंबरपर्यंत ती त्यांची होतात. मत बदललेल्या मुलाला वर्गाने "हरला" म्हणू नये, एवढ्या एका गोष्टीवर शिक्षकाने कडक राहावं. मी अशा वेळी त्या मुलाला विचारते, "कशामुळे बदललं?" आणि त्याचं उत्तर फळ्यावर लिहिते.

वेळ, पोर्शन आणि परीक्षा

३५ मिनिटांचा तास माझ्याकडे असा बसतो: प्रश्न आणि अंदाज ५ मिनिटं, करून बघणं १२, फळ्यावर दिसलं-वाटलं ८, उरलेली १० मिनिटं पुस्तकातला भाग. पट साठच्या वर असेल आणि साहित्य एकच असेल, तर प्रयोग टेबलावर एकदाच करा, पण अंदाज आणि निरीक्षण प्रत्येकाने लिहायचं. आठवड्यात एक तास असा घेतला तरी पुरे. रोजचा अट्टहास केला तर पोर्शन मागे पडतो, मग मार्चमध्ये सगळंच धावत उरकावं लागतं.

परीक्षेत विचारलं नाही तर मुलं हे गंभीरपणे घेत नाहीत. मंडळाची प्रश्नपत्रिका आपल्या हातात नसते, घटक चाचणी असते. तिच्यात दर वेळी एक प्रश्न असा घालते: "एका मुलाने दोन रोपं घेतली. एक उन्हात ठेवून रोज पाणी घातलं, दुसरं कपाटात ठेवून आठवड्यातून एकदा पाणी घातलं. दुसरं सुकलं. ऊन न मिळाल्याने ते सुकलं, हा त्याचा निष्कर्ष तुम्ही मान्य कराल का? तुम्ही प्रयोग कसा कराल?" गुण ठरवताना तीन गोष्टी बघते: दोन गोष्टी एकदम बदलल्या हे ओळखलं का, सुधारलेला प्रयोग करण्याजोगा आहे का, आणि काय दिसलं तर काय म्हणणार हे आधी सांगितलं आहे का.

मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात मुलांना परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा होती, आणि प्रयोगांचीही परीक्षा असायची. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. उघड्या पुस्तकाची चाचणी मात्र मी वर्षातून एकदा घेते. पाठांतर बाजूला झालं की कोण विचार करतंय ते स्वच्छ दिसतं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासून ते याच कामात आहे. त्यांचं साहित्य मराठीतही आहे, ते जरूर बघा.

प्रयोगवही तपासताना लाल पेनने आकडे दुरुस्त करणं मी सोडून दिलं आहे. पुस्तकाशी न जुळणाऱ्या आकड्यापुढे "कशामुळे आलं असेल?" एवढंच लिहिते. आणि वर्षाच्या सुरुवातीलाच सांगते, खोडलेल्या नोंदीला शून्य, न जुळणाऱ्या नोंदीला पूर्ण गुण.

उकळत्या पाण्याचा प्रयोग आता मी दिवाळीच्या सुट्टीआधी घेते. वर्गातलं कोणी ना कोणी सुट्टीत कोकणात जातंच. गेल्या वर्षी एक मुलगा शाळेची तापमापी घेऊन देवगडला मामाकडे गेला. मामीला शेजारी उभं करून त्याने तीन दिवस पाणी उकळलं. परत आला तेव्हा वहीत तीन नोंदी होत्या: १००, ९९, १००. मधल्या नोंदीपुढे त्याने लिहिलं होतं, "तापमापीचा फुगा पाण्यात पूर्ण बुडाला होता की नाही ते बघायचं राहिलं. परत मोजायला पाहिजे."